भाड्याचा ओटा

लग्नसराई आली की आमच्या गावची पेठ उकरायला का घेतात, हे मला अजून कळलेलं नाही. यंदा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, तर एसटी स्टँडपासून थेट मारुतीच्या देवळापर्यंत रस्ता उलथून टाकलेला. वऱ्हाडाच्या गाड्या अडकलेल्या, नवरीची मावशी पैठणी घोट्याच्या वर धरून खडीवरून चाललेली आणि कडेला भला मोठा फलक. पेठेचं सुशोभीकरण म्हणे. नवे दिवे, रंगीत फरश्या, बसायला लोखंडी बाकं. मी वाचत उभी राहिले तर भाऊ म्हणाला, चल गं, निधी काय, येतच असतो. त्याचं खरं आहे. पण आमच्या पेठेला पहिला निधी आला होता नव्वदच्या दशकात, आणि त्यातून बांधलेली नवी इमारत उघडली तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरी रिकामी होते. तो उन्हाळा मला नीट आठवतो. आठवायचा नाही म्हटलं तरी आठवतो.

आम्ही कासार. बांगड्या भरायचा घरचा धंदा. दुकान पेठेत, देवळाकडून येताना डाव्या हाताला. दुकान म्हणजे मागं एक अंधारी खोली, तिच्यात गवतात बांधलेल्या बांगड्यांची खोकी, आणि पुढं रस्त्याच्या बाजूला काळ्या दगडाचा ओटा. खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील. ते माल लावायचे, पैसे घ्यायचे. ओट्यावर आई. खरा धंदा ओट्यावरच चालायचा. गिऱ्हाईक बाईनं चपला खाली काढायच्या, आईसमोर मांडी घालून बसायचं, हात आईच्या गुडघ्यावर ठेवायचा आणि ढिला सोडायचा.

हे ढिलं सोडणं सोपं नाही हो. सकाळपासून जिनं विळा धरलाय, हंडा उचललाय, पोर कडेवर वागवलंय, तिचा हात एकदम सैल कसा पडणार? मग आई बोलायला लागायची. माहेर कुठलं, धाकटी आता कितवीत, पाटाला पाणी सुटलं का. बाई बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल व्हायचा. तोवर आईचा साबणाचा ओला हात फिरलेला असायचा, अंगठ्याखालचं हाड आत दाबलेलं असायचं आणि बांगडी मनगटावर गेलेली असायची. बाईला कळायचंसुद्धा नाही. भरून झालं तरी बाई लगेच उठायची नाही. सुरू केलेलं सांगून पुरं व्हायचं. कुणाचा नवरा काय बोलला, कुणाच्या जावेनं काय केलं, कुणाला पोर राहत नाही. सासरी बोलता येत नाही आणि माहेरी बोलून उपयोग नाही, असं सगळं आमच्या ओट्यावर यायचं. आई ऐकायची, हूं म्हणायची, शहाणपण शिकवायची नाही. मग बाई आईला वाकून नमस्कार करायची आणि चपला घालून बाजारात मिसळायची.

हा नमस्कार आमच्या धंद्यातला मान. बांगड्या भरून घेतल्या की भरणारीला वाकायचं, मग ती वयानं लहान का असेना. पाटलाची सून असो, नाहीतर ऊसतोडीला आलेली बाई असो. आणि भरताना बांगडी फुटली तर ती गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची नाही, ती आमची. फुटली असं म्हणायचंही नाही, वाढली म्हणायचं. मी लहानपणी एकदा मोठ्यांदा फुटली म्हटलं तेव्हा आईनं माझ्याकडे असं बघितलं होतं की आजही काचेचा ग्लास हातातून सुटला तरी माझ्या तोंडून वाढला असंच येतं. माझ्या मुलीला याची फार गंमत वाटते.

लग्नसराईत तर ओट्याला श्वास घ्यायला जागा नसायची. नवरीचा हिरवा चुडा, तिच्या आईच्या बांगड्या, मावश्या, आत्या, करवल्या, शेजारणी. एका लग्नामागं टेम्पोभर बायका. कोल्हारकडून, प्रवरेच्या काठच्या वाड्यावस्त्यांवरून, राहात्याच्या बाजूनं सोमवारच्या बाजाराला यायच्या आणि बाजाराच्या आधी आमच्याकडे बसायच्या. ऊन मी म्हणत असायचं. समोरच्या गुळाच्या दुकानातला वास, पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात नावं घालणाऱ्याची टकटक, लिंबाचा मोहोर अंगावर पडलेला, शुगर फॅक्टरीचा भोंगा. आणि या सगळ्यात आईचा एकच शब्द, हात सैल सोड बाई.

अण्णांना मात्र त्या ओट्याची लाज वाटायची. हे मी त्यांच्या विरोधात म्हणत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. बायामाणसं रस्त्यावर मांडी घालून, हात उघडा टाकून बसतात, आणि समोरच्या पानाच्या टपरीवर बापे उभे राहून बघतात. अंगावर एसटीची धूळ. टेम्पो हॉर्न मारून अगदी गुडघ्याजवळून जातो. नगरला कापडबाजारात गेलं की ते काचेची कपाटं बघून यायचे आणि दोन दिवस तेच बोलायचे. तिथं बायका पंख्याखाली खुर्चीवर बसतात म्हणे. आमच्या बायकांनी काय पाप केलंय, असं ते आईला विचारायचे. तिला पंखा नको होता असं थोडंच आहे.

अशात बातमी आली की गावाला निधी मंजूर झाला. छोट्या शहरांच्या विकासासाठी केंद्राची योजना, तिच्यात आमची नगरपालिका बसली होती. पेठ रुंद करायची, गटारं झाकायची आणि दोन्ही बाजूची जुनी दुकानं काढून मागच्या मोकळ्या जागेत दोन मजली व्यापारी संकुल उभं करायचं. गावात दुसरा विषय नव्हता. निधी हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी उच्चारलेला नव्हता, तो आता चहाबरोबर यायला लागला. व्यापाऱ्यांची समिती झाली, अण्णा तिच्यात गेले. बाप रे, काय उत्साह होता त्यांना. इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीला जायचे आणि आल्यावर आम्हाला जमिनीवर खडूनं गाळे काढून दाखवायचे. हा जिना, हा व्हरांडा, हा आपला गाळा.

त्या बैठकीत अण्णांनी एक सूचना मांडली आणि ती सगळ्यांना पटली. संकुलात कुणीही शटरच्या बाहेर बसायचं नाही. माल मांडायचा नाही, गिऱ्हाईक बसवायचं नाही, व्हरांडा मोकळा ठेवायचा. करारातच ही अट घाला म्हणाले, नाहीतर चार दिवसांत तिथंही ओटे होतील. अट घातली गेली. घरी येऊन त्यांनी ते आईला कौतुकानं सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, बरं केलंत. तिला तेव्हा काही कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अण्णांनाही नाही. बांगड्या ओट्यावरच भरतात, हे ज्याच्या चार पिढ्यांच्या हाडात मुरलंय, त्यानंच ही अट मागितली. दुसऱ्या कुणी मागितली असती तर आम्ही भांडलो तरी असतो.

नगरपालिकेचे ओव्हरसियर भालेराव साहेब टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन पेठेत फिरायला लागले. मूळचे जामखेडकडचे, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. बुद्धजयंतीला त्यांच्या घरून आमच्याकडे खीर यायची आणि भालेराववहिनींच्या बांगड्या आईच भरायची. त्यांनी आमच्या ओट्यावर लाल पट्टा मारला तेव्हा आईनं त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारलं, साहेब, नव्या इमारतीत बसायला ओटा ठेवणार का? भालेराव साहेब ओट्याच्याच कडेवर बसले. त्यांनी तिला समजावून सांगितलं, अगदी नीट, न कंटाळता. निधी म्हणजे नुसतं दान नसतं. त्यातला काही भाग सरकार देतं आणि काही भाग कर्ज असतो. ते कर्ज गाळ्यांच्या भाड्यातून फेडायचं. म्हणून नकाशात फूट अन् फूट भाड्याची धरलेली. ते म्हणाले, "काकू, ज्या जागेचं भाडं येत नाही, ती जागा नकाशात काढताच येत नाही मला."

हे वाक्य मी पुढं पुष्कळ वर्षं मनात घोळवलं आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माणूस भला होता, हिशोब बरोबर होता, आणि गटारं झाकली गेली ते तर फारच चांगलं झालं. त्या गटारांच्या वासानं पावसाळ्यात आम्ही जेवायचे थांबायचो. पण आमच्या पेठेत भाडं न येणारी केवढी जागा होती, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आमचा ओटा, गुळवाल्याची पायरी, जिच्यावर दर सोमवारी एकच म्हातारी लसूण घेऊन बसायची आणि जाताना मूठभर लसूण वानवळा म्हणून ठेवून जायची, देवळाच्या भिंतीची सावली, लिंबाखालचा दगड. माणसं बसायची ती सगळी याच जागांवर. नकाशाच्या कागदावर तिथं नुसता रस्ता होता.

ओटे संक्रांतीनंतर काढले. माझ्या दहावीच्या आधीच्या वर्षी. ट्रॅक्टर आले, पहारी आल्या. आमचा ओटा निघता निघेना, गड्यांनी घाम पुसत शिव्या घातल्या. आतून निघालेल्या मातीत हिरव्या, लाल, निळ्या काचांचे एवढे तुकडे होते की उन्हात माती चमकत होती. आईनं पदर तोंडाशी धरला होता, धुळीसाठी. ती रडली वगैरे नाही. वर्षभर आम्ही स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. तिथंही आई पोत्यावर बसायची आणि बायका तिच्यासमोर बसायच्या. उन्हानं पत्रा तापायचा, घामानं बांगडी सरकायला सोपी जायची, एवढाच काय तो फायदा.

दुसऱ्या वर्षी, वैशाखात, ऐन लग्नसराईत संकुल उघडलं. फुगे, रांगोळी, पेढे. अण्णांच्या नशिबात तळमजल्यावरचा, अगदी दर्शनी गाळा निघाला आणि सगळ्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी आत काय काय केलं होतं! कंबरेइतकं उंच काचेचं काउंटर, पाठीमागं आरसे, ट्यूबलाइट, छताला पंखा आणि काउंटरसमोर चार खुर्च्या, लाल रेग्झिनच्या. पहिल्या दिवशी आई नवी साडी नेसून आली. चपला काढून आत शिरली आणि उभी राहिली. मग तिनं हळूच मला विचारलं, मी कुठं बसू गं?

काउंटरच्या मागं एक स्टूल होतं. आई त्यावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाया खुर्चीवर बसल्या, म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकल्या, कारण मळक्या लुगड्यानं रेग्झिन खराब होईल असं त्यांना वाटायचं. हात काचेवरून पुढं करायचा म्हटला की खांदा वर उचलला जातो, कोपर ताठ होतं आणि मनगट दगडासारखं होतं. आईनं सगळं करून पाहिलं. साबण, तेल, गप्पा. पण गप्पा तरी कशा मारणार? मागच्या आरशात आपलंच तोंड दिसतंय, दिव्याचा झोत डोळ्यांवर आणि शेजारच्या खुर्चीवर अनोळखी बाई. माहेरचा विषय काढला तर बाई नुसती हूं म्हणायची. बांगड्या वाढायला लागल्या. एकीच्या मनगटाला काच लागली. नवरीच्या चुड्यातली बांगडी भरताना वाढली तेव्हा तिच्या आईचा चेहरा उतरला, आणि आमच्या आईचा त्याहून जास्त. पहिल्याच सोमवारी काउंटरखालची परात काचांनी भरली.

अण्णा हुशार माणूस. त्यांनी वाट काढली. बांगड्या मापाप्रमाणे डब्यांत भरून ठेवायच्या, गिऱ्हाइकानं डबा न्यायचा आणि घरी आपल्या हातानं घालायच्या. शहरात आता असंच असतं म्हणाले. धातूच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्यांचाही माल आणला, त्यांना तर काहीच नको. आणि आईला म्हणाले, तू पुष्कळ केलंस, आता घरी आराम कर. यात त्यांचं प्रेमच होतं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी तीन-चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना वाटलं, पेपर अवघड गेलाय.

आईनं आराम केला म्हणजे काय केलं? गहू निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. पापड लाटले, कुरडया घातल्या, माझ्या केसांना तेल लावलं. तेल लावता लावता माझा हात धरायची आणि नकळत अंगठ्याखालचं हाड दाबायची, मग सोडून द्यायची. सोमवारी सकाळी उठून ती न सांगता साडी बदलायची आणि मग आठवून पुन्हा घरातली नेसायची. पेठेत रोज दिवसभर हक्कानं बसणारी ती एकटी बाई होती. बाकीच्या बायका बाजाराला यायच्या आणि जायच्या. आमच्या घराण्यात पूर्वी पाठीवर बांगड्या घेऊन गावोगाव हिंडत. त्यातून ओट्यापर्यंत यायला पिढ्या गेल्या, आणि ओट्यावरून घरात यायला एक उन्हाळा पुरला. आता आईला बसायला जागा राहते की नाही, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता. तिला मी विचारलं तर ती म्हणाली, जागा काय, हे घर आहे की.

त्यानंतरच्या एका सोमवारी कोल्हारकडची सरूबाई आली. मी तेव्हा अण्णांना जेवणाचा डबा घेऊन गाळ्यात गेले होते. सरूबाईच्या घरचे सगळे चुडे आमच्याच ओट्यावर भरलेले, तिचा स्वतःचा माझ्या आजीनं आणि पुढचे आईनं. आता तिच्या नातीचं लग्न होतं. मागं टेम्पो, टेम्पोतून उतरलेल्या बायका आणि मधे नवरी, हळदीच्या आधीच लाजून पिवळी झालेली. सरूबाईनं गाळ्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, कासारीण कुठं हाय? अण्णांनी तिला खुर्ची दिली, पंखा वाढवला, हिरव्या बांगड्यांचे डबे काचेवर मांडले. घरी आरामात घाला म्हणाले. सरूबाई डब्यांकडे बघत राहिली.

"अण्णा, आमच्या घरात डब्यातनं कवा चुडा आला न्हाई," ती म्हणाली. "पोरीच्या हातात घालनारी बाई पायजे. ती येईस्तवर आमी बसतो."

आणि ती बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. चपला बाजूला, मांडी घालून, नव्या गुळगुळीत फरशीवर. तिच्यामागं नवरी, मग मावश्या, आत्या, पोरंबाळं. बघता बघता व्हरांडा भरला. शेजारच्या बुटाच्या गाळ्याचं दार अडलं, पलीकडच्या कॅसेटवाल्यानं आवाज कमी करून मान बाहेर काढली. अण्णा मला हळूच म्हणाले, जा, आईला घेऊन ये. मी पळत घरी गेले. आई पापडाचं पीठ मळत होती. मी सांगितलं तशी तिनं हात धुतले आणि निघाली. मी मागं पडत होते, इतकी भराभर चालत होती.

ती येऊन फरशीवर बसली, नवरीचा हात गुडघ्यावर घेतला, आणि विचारलं, सासर कुठलं गं तुझं? झालं, सुरू. एकीकडे बायकांची गाणी, एकीकडे थट्टा. नवऱ्याचं नाव घे म्हणून नवरीला चिमटे. शेजारचे दुकानदार चिडले होते, त्यांचाही धंद्याचा दिवस. कुणीतरी नगरपालिकेत सांगितलं, आणि भालेराव साहेब आले. त्यांना बघून गाणी थांबली. आईनं हात थांबवला नाही. ती अर्ध्यात थांबूच शकत नव्हती, बांगडी हाडावर होती.

साहेबांनी अण्णांना बाजूला बोलावलं नाही, तिथंच विचारलं. समितीत ही अट अण्णांनीच मांडली होती हे तिथल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होतं. साहेबांनी तसं बोलून दाखवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "अण्णा, ही तुमची गिऱ्हाइकं का? मग बाहेर बसवता येणार नाही."

अण्णांनी नवरीकडे पाहिलं, आईच्या हातांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"गिऱ्हाइकं नाहीत साहेब," ते म्हणाले. "पाहुणे आहेत. आमच्या घरचं लग्न आहे."

भालेराव साहेबांनी भरलेल्या व्हरांड्याकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, पाहुण्यांना कोण उठवतं, आणि निघून गेले. बुटाच्या दुकानदारानं हात झटकले. बायका पुन्हा गायला लागल्या, आणि आईनं सगळ्यांच्या बांगड्या भरल्या, अगदी लहान पोरींच्यासुद्धा. शेवटी एकेक बाई वाकली, नवरीही वाकली. सरूबाई कनवटीचे पैसे सोडायला लागली तर अण्णांनी घेतले नाहीत. चारचौघांत घरचं लग्न म्हटल्यावर घेणार कसे? एवढंच नाही, लग्नाला आम्हाला सगळ्यांना जावं लागलं, आहेर घेऊन, आणि नवरीच्या बाजूनं मांडवात मिरवून यावं लागलं. जेवण झकास होतं. अण्णांनी दोनदा बुंदी वाढून घेतली.

पण त्या सोमवारी संध्याकाळी जेवताना ते खूश होते. त्यांना वाटत होतं, आपण तिची बाजू घेतली. घेतली होतीच. आईनं त्यांना भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "आज पाहुणे म्हणालात. पुढच्या सोमवारी काय म्हणाल?"

अण्णा जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवला आणि गवंड्याला बोलावलं. काउंटर अर्धं कापलं. खुर्च्या काढून टाकल्या. शटरच्या आत, अगदी कडेला, विटा रचून वर शहाबादी फरशी बसवली. गुडघ्याइतका उंच, दोन बायका समोरासमोर बसतील एवढा ओटा. अट मोडली नाही, शटरच्या आत होता. संकुलातल्या लोकांना फार हसू आलं. कर्ज काढून सरकारनं ओटे मोडले आणि यानं भाडं भरून ओटा बांधला, असं कॅसेटवाला सगळ्यांना सांगायचा. अण्णा त्याला म्हणायचे, हस बाबा, हस.

आई ओट्यावर बसली त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी सकाळपासून तिथंच रेंगाळत होते. फरशी गार होती. आईचा डावा खांदा रस्त्याकडे, उजवा पंख्याखाली. अण्णा उरलेल्या अर्ध्या काउंटरमागं अवघडून उभे. बायांना कळलं, त्या यायला लागल्या. ज्येष्ठ संपत आला होता. मुहूर्त संपायच्या आत सगळ्यांची घाई. गाळ्याचं भाडं मात्र पूर्वीइतकंच होतं आणि अर्धी जागा ओट्यात गेलेली, म्हणजे अर्धा माल कमी, भाडं आता ओट्यावर भरलेल्या बांगड्यांतूनच निघायचं. हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजही नव्हती. ती दर थोड्या वेळानं थांबलेल्या बायकांकडे बघायची, मग हातातल्या हाताकडे.

त्या दिवशी दुपारी एक तरणी बाई बसली होती. माहेर आमच्याकडचं, दिलेली जामखेडकडे, कोरडवाहूत. हिरव्या राजवर्खी बांगड्या भरून झाल्या होत्या. हात तसाच आईच्या गुडघ्यावर ठेवून ती सांगत होती. विहीर आटलीय, नवरा कामाला बाहेर असतो, सासू अशी, दीर... आणि दीर म्हटल्यावर तिचा आवाज बारीक झाला आणि डोळे भरून आले. आईनं तिच्या हातावरून एकदा हात फिरवला. मग शटरबाहेर रांगेनं उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं.

"झालं हां बाई," आई म्हणाली. "ऊठ आता. मागं बाया थांबल्यात."

आईनं कुणाला ऊठ म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काउंटरमागं अण्णांनीही ऐकलं, त्यांचा माल लावणारा हात थांबला. बाई गडबडली, पदरानं डोळे पुसले, वाकून नमस्कार केला आणि चपला शोधायला लागली. आईनं वर पाहिलं नाही. पुढची बाई हात पुढं करून बसलीसुद्धा होती. दिराचं काय ते तिला सांगायचं होतं, ते सांगायचं राहून गेलं.